लंडी खाना कुठंय? ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांची गोष्ट

बीडमधून बोलतोय. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींचे मेसेज येत असतात. कुणी गेवराईचं, कुणी केजचं. प्रश्न एकच: "दोनदा प्रयत्न केला, नाही झालं. आता काय?" उपदेश माझ्याच्यानं होत नाही. त्यापेक्षा एका फायटर पायलटची गोष्ट सांगतो.

नाव दिलीप परुळकर. १९६३ साली हवाई दलात अधिकारी झाले. १९६५च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, उजवा खांदा जखमी झाला. सोबतचा लीडर म्हणाला, उडी मार. यांनी तसंच मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं.

पुढं १९७१. १० डिसेंबरला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. पकडलो गेलो तर पळून येईन, असं ते युद्धाआधीपासून म्हणायचे. बोलायला काय जातंय, असं वाटेल. पण त्यांनी ते केलं.

आता नीट ऐका. युद्ध डिसेंबरमध्येच संपलं होतं. जुलै १९७२ मध्ये सिमला करारही झाला. पण कैदी कधी सुटणार, याचा पत्ता नव्हता. म्हणजे बसून वाट बघायची, नाहीतर निघायचं. रावळपिंडीच्या छावणीत परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी खोलीची भिंत हळूहळू पोखरली. विमानात घालायच्या जी-सूटच्या रबरापासून पाण्याच्या पिशव्या केल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. ऑगस्टमधल्या एका वादळी रात्री तिघं भिंतीतून बाहेर!

पेशावरची बस धरली. तिथून जमरूद, मग लंडी कोटल. अफगाणिस्तानची हद्द काही किलोमीटरवर राहिली होती. आणि तिथं त्यांनी रस्ता विचारला: "लंडी खाना कुठंय?"

नकाशात लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं. पण ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेलं. बंद स्टेशनची चौकशी करणारे हे तिघे कोण, म्हणून लोकांना संशय आला. पकडले गेले. आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचेच, असं सांगून वेळ मारून नेली. नाहीतर त्या भागात जीवावर बेतलं असतं. शेवटी पुन्हा छावणीत रवानगी. १ डिसेंबर १९७२ला बाकीच्या कैद्यांबरोबरच ते भारतात परतले.

मग हिशेब काय झाला? पळाले नसते तरी त्याच दिवशी सुटले असते. तरीही पुढं त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं, आणि त्याच्या मानपत्रात या पलायनाचा उल्लेख आहे. प्रयत्न फसला होता, हे सरकारला माहीत होतंच की! ऑगस्ट २०२५ मध्ये परुळकर गेले, तेव्हा हवाई दलानं त्यांची आठवण याच गोष्टीनं काढली.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, हिंमतीत काहीच कमी नव्हतं. दोन, नकाशा जुना होता. आपल्याकडं नापास झालेलं पोरगं पहिल्या गोष्टीला दोष देतं, "माझ्यातच दम नाही" म्हणतं. दुसरी तपासतच नाही. गावातल्या कुणीतरी चार वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर धावत राहतं.

तर नकाशा तपासा. दहावीत असाल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था माहीत करून घ्या. ती राज्य सरकारची आहे, एनडीएची तयारी करून घेते. मुलींनो, एनडीएचं दार तुम्हालाही उघडलंय. मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. वयाची अट, उंची, डोळ्यांचे निकष मात्र यंदाच्या जाहिरातीतच बघा, माझ्या तोंडून नको.

आणि वय निघून गेलं असेल, तर त्याचा राग स्वतःवर काढू नका. घरात बोला. मेसेज करा, मी वाचतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!