प्रोफेसर फ्रॉयलानो द मेल्लो
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



बुलढाणा जिल्ह्यांतील आपल्या या लहानशा धर्मग्रामाच्या ज्युबिलीला एखाद्या संताचें चरित्र सांगावें, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी एका कॅथलिक शास्त्रज्ञाविषयीं बोलणार आहें. त्याचें कारण मी शेवटीं सांगेन.

इंदालेन्सियु फ्रॉयलानो द मेल्लो यांचा जन्म १८८७ सालीं गोव्यांतील बाणावली गांवीं झाला. १८४२ मध्यें स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकशाळेंत व पुढें पोर्तुगालांत शिकून ते त्याच शाळेंत प्राध्यापक आणि कालांतरानें संचालक झाले. सूक्ष्मजंतु आणि परोपजीवी प्राणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

१९३५ सालीं त्यांनीं खंड्या पक्ष्याच्या रक्तांतील एका परोपजीवी जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच सालीं अफोंसो या सहकाऱ्यासह नीलकंठाच्या रक्तांतील दुसऱ्या जंतूचें. हे दोन्ही पक्षी आपल्या पैनगंगेच्या कांठींही दिसतात. रोगी सोडून पांखरांच्या मागें लागणारा हा कसला वैद्य, असें कोणी विचारील. त्यानें रोनाल्ड रॉस यांची हकीकत ऐकावी. १८९७ सालीं सिकंदराबादेस त्यांना डांसाच्या पोटांत हिवतापाचा जंतु सांपडला. परंतु तो जंतु डांसाच्या पोटांतून लाळेंत व तेथून पुन्हां रक्तांत कसा उतरतो, हें त्यांनीं १८९८ मध्यें कलकत्त्यास पांखरांवरच प्रयोग करून उलगडलें. चिमणीचा ताप समजला, तेव्हां माणसाच्या तापाची वाट सांपडली! तोंवर शेंकडों वर्षें लोक दूषित हवेलाच दोष देत बसले होते. द मेल्लो यांनीं वर्णिलेले जंतु या हिवतापाच्या जंतूचे जणूं चुलतभाऊच होत.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाच्या दर्शनास जाणारे आपण जुन्या गोव्याचीं भव्य देवळें पाहतों. पण भोंवतालचें नगर कोठें गेलें, हें क्वचितच विचारतों. तापांनीं आणि सांथींनीं तें ओस पाडलें, आणि १८४३ मध्यें राजधानीचा मान पणजीला गेला. त्याच जुन्या गोव्यांत द मेल्लो यांनीं हिवतापाविरुद्ध मोहीम उभारली.

पणजीचें नगराध्यक्षपद, पोर्तुगीज संसदेंतील सदस्यत्व इत्यादि मान त्यांना मिळाले. त्यांचा विस्तार मी करीत नाहीं. मला अधिक मोलाचा वाटतो तो १९३४ सालीं मकाझन येथें त्यांच्या प्रयत्नानें सुरू झालेला महारोग्यांचा आश्रम. महारोगाचा जंतु हॅन्सेन यांनीं १८७३ मध्येंच दाखविला होता. तरीही त्या काळीं कडू कवठाच्या तेलाच्या सुया टोंचण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता, आणि त्या तेलानें गुणही थोडाच येई. बरें करण्याची खात्री नसतांना रोग्यांना आसरा देणें, हें काम सूक्ष्मदर्शकापाशीं बसण्याइतकेंच चिकाटीचें आहे. १९५५ मध्यें ब्राझीलमध्यें त्यांचें देहावसान झालें.

आतां कारण सांगतों. प्रभूनें महारोग्याला स्पर्श केला, हें शुभवर्तमान आपण देवळांत ऐकतों. पण आपल्याच घरीं कोणाच्या अंगावर डाग दिसला तर तो पदराखालीं झांकतों. मुलीचें लग्न मोडेल, शेजारी पाणी घेणार नाहींत, ही भीति खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु द मेल्लो यांच्या हातीं जें नव्हतें, तें आज आपल्या हातीं आहे. १९८२ पासून या रोगावर, ज्याला आतां कुष्ठरोग म्हणतात, अनेक औषधांचा एकत्र उपचार दिला जातो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या म्हणजे रोग बरा होतो. औषध सुरू होतांच रोग्यापासून इतरांना लागण होण्याचें भय जवळजवळ उरत नाहीं. उशीर केला, तर मात्र बोटें वांकडीं होतात, आणि तीं गोळ्यांनीं सरळ होत नाहींत. फिकट किंवा लालसर डाग, आणि त्या जागीं स्पर्श किंवा टोंचणी कळत नाहीं, एवढी खूण लक्षांत ठेवा. सरकारी आरोग्य केंद्रांत हें औषध फुकट मिळतें. एकट्यानें जाण्याचा संकोच वाटत असेल, तर फादरांना सांगा किंवा मला सांगा. आम्ही बरोबर येऊं.