टपालातलं मत, पोस्टमनची राखण

२०२० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, ती कोरोनाच्या साथीत. कोट्यवधी मतदारांनी टपालानं मत पाठवलं. पण त्याच उन्हाळ्यात टपालाची वर्गवारी करणारी कितीतरी यंत्रं हलवली गेली, पत्रं रखडू लागली. टपाल कामगारांच्या संघटनांनी आवाज उठवला. ऑगस्टमध्ये हे बदल निवडणुकीपुरते थांबले. मग कर्मचाऱ्यांनी रोज टपालकेंद्रांचा कानाकोपरा तपासला, एकही मतपत्रिका मागे राहू नये म्हणून. टपाल खात्याच्या अहवालानुसार, मतदाराची मतपत्रिका निवडणूक कार्यालयात सरासरी १.६ दिवसांत पोहोचली. आपले सीमेवरचे जवानही टपालानंच मत पाठवतात. ते वेळेत पोहोचवणारा प्रत्येक टपाल कर्मचारी लोकशाहीचा राखणदार आहे. त्याच्या कष्टांची जाण ठेवूया.