आडून, पर्यायाने आणि परोक्ष

श्रोतेहो, इंग्रजीतल्या 'इनडायरेक्टली'ला मराठीत काय म्हणायचं, असा आजचा विषय आहे. 'अप्रत्यक्षपणे' म्हणून मोकळं होता येतं. पण एकाच शब्दाला तीन घरची कामं सांगितली की एकही धड होत नाही. डिझेल महागलं आणि भाजीही महागली, तर ती महागली 'पर्यायाने'. लेकी बोले सुने लागे, ते बोलणं 'आडून'. निरोप दुसऱ्याच्या हाती धाडला, तर तो त्याच्या 'मार्फत'. 'अप्रत्यक्ष' करापुरता चांगला आहे : जीएसटी भरतो दुकानदार, भार पडतो गिऱ्हाइकावर.

याच कराला इथे बंगळूरच्या कन्नड वर्तमानपत्रांत 'परोक्ष तेरिगे' म्हणतात. तेरिगे म्हणजे कर. मराठी कानाला वाटतं, आपल्या पाठीमागे बसवलेला कर! मूळ संस्कृत शब्द एकच, परोक्ष, म्हणजे डोळ्यांपलीकडचं. कन्नडने तो आडवाटेकडे नेला, मराठीने गैरहजेरीकडे. दोन्ही रास्त. पण आपण त्याला फुकटचा 'अ' जोडतो आणि 'माझ्या अपरोक्ष निर्णय घेतला' अशी तक्रार करतो. अहो, अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोरचं! निर्णय समोरच झाला, तर तक्रार कसली? शंकराचार्यांच्या नावावरच्या 'अपरोक्षानुभूती'त साक्षात अनुभवच अभिप्रेत आहे. माध्व परंपरेत हरिदासांना 'अपरोक्ष ज्ञानी' म्हणतात, म्हणजे देव ज्यांना साक्षात दिसला ते. देवाच्या पाठीमागे ज्ञान मिळवलेले नव्हेत! पुन्हा सांगतो : पाठीमागे ते परोक्ष, समोर ते अपरोक्ष.

कुणी म्हणेल, रूढीपुढे व्युत्पत्तीचं काय चालतं? खरं आहे. 'अप्रत्यक्ष'च्या वजनावर 'अपरोक्ष' जिभेवर बसला असावा, आणि भाषेत असं होतच असतं. पण रूढीचा मान अर्थ कळेपर्यंत. ज्या गावात सकाळी मठात एक अर्थ आणि संध्याकाळी घरी बरोबर उलटा अर्थ कानी पडतो, तिथे 'माझ्या माघारी' म्हणायला काय हरकत आहे? शब्द साधा आहे, म्हणून का तो हलका?

व्याकरणातलं अप्रत्यक्ष कथन राहिलंच. शेजारचा कन्नड माणूस 'बर्तीनि अंत हेळिद' म्हणतो, आपण 'येतो म्हणून सांगितलं' म्हणतो. 'अंत'च्या जागी नेमका 'म्हणून'. आणि दोन्हीकडे बोलणाऱ्याचं 'येतो' जसंच्या तसं, इंग्रजीसारखं फिरवलेलं नाही. यावर बरंच बोलता आलं असतं, पण समोरचा लाल दिवा प्रत्यक्षच खुणावतो आहे.