सभेत तोंड उघडण्याचे धैर्य
(देऊळघाट येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



पैनगंगेच्या काठच्या या गावी आपण मला बोलावयास उभे केले, याबद्दल मी ऋणी आहे. मी शिक्षक खरा, पण वर्गापुरताच बोलका. शिक्षकांच्या सभेत जीभ टाळूला चिकटे. एकदा फी थकली म्हणून एका मजुराच्या मुलाचे नाव पटावरून कमी करण्याचे ठरले. हे अन्यायाचे आहे, असे वाटूनही मी मूग गिळून बसलो. तो मुलगा पुन्हा शाळेत दिसला नाही.

१९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याची कारणे भर लोकसभेत सांगितली. मला तर एका मुलाच्या फीपुरतेच बोलावयाचे होते!

पुढे तसाच प्रसंग आला, तेव्हा पहिले वाक्य कागदावर लिहून नेले. हात कापत होता, तरी वाचले. लागलीच दोघा सहकाऱ्यांनी दुजोरा दिला. तेही कोणीतरी बोलेल म्हणूनच थांबले होते. ते नाव पटावर राहिले.

कचेऱ्यांत व कारखान्यांत नोकरी करणाऱ्या तरुणांनो, सभेत निदान एक वाक्य बोला. आपल्या मौनाचे मोल पुष्कळदा दुसऱ्यालाच द्यावे लागते.