मध्यभागी संगीत



ऐकणाऱ्याने बसावे कोठे, हा प्रश्न आपल्या बैठकीला फारसा कधी पडला नाही. गवई जाजमावर, त्याच्या तिन्ही अंगांस श्रोते, आणि तानपुऱ्यामागेही कोणीतरी हक्काने टेकलेला. युरोपातील संगीतगृहांत मात्र वादक एका टोकास आणि श्रोते समोर रांगेने, असा शिरस्ता पडून गेला होता. बर्लिनच्या फिलहार्मोनीने १९६३ साली तो धीटपणे मोडला. त्या वास्तूची हकीकत आज सांगावयाची आहे.

वास्तूच्या आधी तिचे बिऱ्हाडकरू. १८८२ साली बिल्झे नावाच्या चालकाचा वाद्यवृंद सोडून चौपन्न वादक बाहेर पडले आणि त्यांनी आपले स्वतंत्र मंडळ काढले. आपला प्रमुख संचालक वादकांनीच मते देऊन निवडावा, ही रीत तेथे आजही आहे. पण स्वतंत्र झालेल्यांना घर कोठले? चाकांचे बूट घालून घसरण्याचा एक आखाडा होता, त्याचेच पुढे संगीतगृह झाले. ते ३० जानेवारी १९४४ रोजी बाँबवर्षावात जळाले. युद्ध संपल्यावर तीन आठवडे होतात न होतात तोच, २६ मे १९४५ रोजी, ही मंडळी एका सिनेमागृहात पुन्हा वाजवावयास बसली. छत गेले तरी मंडळ राहिले होते.

१९४९ साली या वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी एक संस्था स्थापून नव्या घरासाठी पैसा जमविण्यास आरंभ केला. १९५६ च्या स्पर्धेत हान्स शारून यांचा आराखडा पसंत ठरला. नाझी अमदानीत या गृहस्थांना सरकारी काम मिळाले नव्हते; खाजगी घरे बांधून त्यांनी दिवस काढले. कोठेही संगीत सुरू झाले की माणसे आपोआप त्याच्याभोवती कोंडाळे करतात, मग इमारतीनेच ते का मोडावे, असा त्यांचा साधा सवाल होता. दरीच्या तळाशी वाद्यवृंद आणि चहूकडच्या उतारांवर द्राक्षांचे मळे, ही उपमा खुद्द त्यांचीच. आम्हांस मावळातील भाताची खाचरे आठवतात. दोन हजारांहून अधिक माणसे बसतात. पण ती लहानलहान टप्प्यांवर विभागलेली असल्याने गर्दी अंगावर येत नाही.

ध्वनिशास्त्रज्ञ लोथार क्रेमर यांना ही कल्पना आधी रुचली नव्हती. बाजूच्या भिंती दूर गेल्या तर आवाज परतून येणार कोठून? तोड निघाली ती त्या टप्प्यांतच. प्रत्येक टप्प्याची कठड्यासारखी दर्शनी भिंत नादाला जवळच्या जवळ परतविते. छत तंबूसारखे आत फुगलेले असल्याने आवाज एका ठिकाणी गोळा न होता विखुरतो, आणि वादकांच्या डोक्यावर टांगलेले पत्रे त्यांना एकमेकांचे वाजविणे ऐकवितात.

तरीही एक उणीव राहिलीच, आणि आम्हांस ती लहान वाटत नाही. व्हायोलिनचे सूर पाठीमागे बसणाऱ्यासही बरे पोचतात, पण गाणाऱ्याचे तोंड एकाच दिशेला असते. खर्ज वळून मागे जातो. शब्दांची धार ज्या वरच्या स्वरांशांत असते ते पुढेच निघून जातात. पाठीमागच्या श्रोत्याला गाणे मिळते, पण कविता अर्धी हरवते. त्याच्या मोबदल्यात संचालकाचा चेहरा समोरून दिसतो. हा सौदा ज्याचा त्याने ठरवावा. आम्ही स्वतः गायनाच्या दिवशी समोरचे तिकीट काढू.

जागेची गोष्ट तर याहून विलक्षण. आधी ठरलेली पश्चिमेकडील जागा सोडून १९५९ साली पोट्सडॅमर प्लाट्झजवळची निवडली, ती उद्याच्या अखंड बर्लिनचा मध्य म्हणून. सप्टेंबर १९६० मध्ये कोनशिला बसली, आणि बांधकाम चालू असतानाच ऑगस्ट १९६१ मध्ये जवळच ती कुप्रसिद्ध भिंत उभी राहिली. मध्यासाठी योजिलेली वास्तू कडेला पडली. १५ ऑक्टोबर १९६३ रोजी काराजान यांनी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीने तिचे उद्घाटन केले, तेव्हा पूर्वेकडच्या बर्लिनकरांना येणे शक्य नव्हते. थट्टेखोरांनी तिला काराजानची सर्कस म्हटले.

पुढे सव्वीस वर्षांनी भिंतीची दारे उघडली. तिसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९८९ रोजी, त्याच गृहात बारेनबोईम यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनची सातवी सिंफनी झाली. त्या दिवशी तिकीट नव्हते. पूर्व जर्मनीचे ओळखपत्र दाखवावे आणि आत येऊन बसावे.