फोन कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि रुग्णालयांची दारे नातेवाइकांना बंद झाली. मी पॅलिएटिव्ह केअर विभागात समाजसेविका आहे. आजार बरा होणार नसला तरी माणसाचे दुखणे हलके करायचे, हे आमचे काम. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले. डॉक्टर होण्याआधी त्या परिचारिका होत्या, रुग्णालयातल्या समाजसेविकाही होत्या. दुखणे शरीराचे, मनाचे, नात्यागोत्यांचे आणि श्रद्धेचे असे सगळे मिळून असते, ही त्यांची मांडणी. मग घरचे माणूसच येईना, तर दुखणे हलके कसे व्हायचे?

म्हणून आम्ही व्हिडिओ कॉल सुरू केले. करोना झालेल्या कॅन्सरच्या पेशंटच्या खाटेशी पीपीई किट घालून, प्लास्टिकच्या पिशवीतला फोन धरून उभे राहायचे.

लवकरच लक्षात आले, की फॉर्मवर नंबर मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. बोलणार कोण, हे फोनचा मालक ठरवणार. एका आजोबांची बायको आठ दिवस पडद्यावर आलीच नाही. मुलगा म्हणाला, "आई रडेल, तिला कशाला?" मी म्हटले, "दादा, रडू देत. पण त्यांना विचारा तरी." दुसऱ्या दिवशी आजी आल्या. "औषध घेतलं का?" एवढेच विचारले. आजोबांनी मान हलवली. चार दिवसांनी ते गेले.

दुसरी पन्नाशीची बाई. केस गेलेले, नाकात नळी. मी न विचारताच कॉल लावला आणि समोर सगळे नातलग! तिने तोंड फिरवले. ती चूक माझी. पुढच्या वेळी भाऊ हक्कसोडपत्राचे बोलू लागले. तेव्हापासून आम्ही पेशंटला आधी विचारतो : कुणाशी बोलायचे, चेहरा दाखवायचा की नुसता आवाज? बोट उचलले की फोन बंद, ही खूण ठरलेली.

आज दारे उघडी आहेत. पण लांब दिलेल्या मुली, परगावी राबणाऱ्या बहिणी अजून फोनवरच भेटतात. म्हणून सांगते, वस्तीतल्या कुणाला दाखल कराल तेव्हा फॉर्मवर घरातल्या बाईचाही नंबर लिहा. तिचा फोन नसेल तर शेजारणीचा लिहा. आणि खाटेवरच्या माणसाला विचारा, "तुम्हाला कुणाला बघायचंय?"