एम.ए. झालेल्या लेकीसुनांनो, पुढचा अर्ज भरा

गटाच्या बैठकीला जमलेल्या, रानातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमचा रामराम. आज आम्ही तिघीजणी बोलणार आहोत. तिघींनीही लग्नानंतर एम.ए. केलं आणि आता तिघीही पीएच.डी. करत आहोत. दोघी मराठी विषयात, एक इतिहासात.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात पीएच.डी. कशाला? तर जरा आपल्या गावात नजर टाका. दर चार घरांआड एखादी लेक किंवा सून एम.ए. झालेली सापडते. बाहेरून परीक्षा दिली, गुण चांगले पडले, आणि गुणपत्रक पेटीत गेलं. पुढे काय, हे तिला कुणी सांगितलंच नाही. म्हणून आजचं बोलणं तिच्यासाठी आहे. आणि तिच्या सासूसाठी, जावेसाठी, गटातल्या मैत्रिणींसाठीही आहे, कारण हे काम एकटीच्यानं ओढत नाही.

आधी नियम सांगतो. हे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०२२ सालचे आहेत. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि अपंग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे. नोकरी करणारीला अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते. त्यासाठी जिथे काम करते तिथलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी करून ती आठ वर्षांपर्यंत वाढवता येते. आणि बाईला त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. बाळंतपणासाठी आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा. ‘पोरं लहान आहेत, आता कसली पीएच.डी.’ असं कुणी म्हटलं, तर सांगा की पोरं लहान असणार हे नियम करणाऱ्यांनीही धरलेलं आहे.

प्रवेशासाठी परीक्षा असते. काही विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात, तिला पेट म्हणतात. काही ठिकाणी नेट परीक्षेचे गुण धरतात. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन कसं करायचं यावर आणि निम्मे आपल्या विषयावर असतात. मग मुलाखत. परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. मुलाखतीत विचारतात, ‘तुम्हाला कशाचा शोध घ्यायचा आहे?’ इथेच पुष्कळ हुशार मुली अडखळतात. त्याचं उत्तर म्हणजे संशोधनाचा आराखडा. कॉलेजात त्याला सिनॉप्सिस म्हणतात.

आराखडा म्हटलं की वाटतं, जड जड शब्द हवेत. तसं काही नसतं. घर बांधायच्या आधी गवंडी विचारतो ना, जागा किती, खोल्या किती, विटा कुठून आणणार, किती दिवसांत व्हायला हवं? आराखड्यात हेच लिहायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादीला वाटलं, ‘जात्यावरच्या ओव्या’ हा विषय घ्यावा. विषय आपल्या घरचा आहे, पण फार मोठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’ या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकता येतात. मग आपण नवीन काय करणार? म्हणून विषय चाळणीतून काढायचा.

पहिली चाळणी: ओव्या कशाबद्दलच्या? समजा, भावाबद्दलच्या. माहेर, भाऊ, भाऊबीज, चोळी, भावजय. अजून मोठाच आहे. दुसरी चाळणी: त्यातलं आपल्याला नेमकं काय खुपतं? आता इथे थांबून विचार करा. ओवीत बहीण भावाला मागते ती चोळी. जमीन मागते का? आपल्या राज्यात १९९४ साली कायद्यात बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं हक्क मिळाला. देशभर तो २००५ साली आला. तरी हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी आपण बघतोच. आपल्यातल्या किती जणींनी ती सही केली असेल, हे ज्यानं त्यानं मनात मोजावं.

मग प्रश्न असा तयार होतो: ‘हक्कसोडपत्रावर सही केलेल्या बायका भावाच्या ओव्यांचा अर्थ आज कसा लावतात?’ बघा, हा प्रश्न एका माणसाला तीन-चार वर्षांत हाताळता येण्यासारखा आहे. त्याचं उत्तर आधी ठाऊक नाही. आणि तो शहरातल्या कुणापेक्षा गावातल्या सुनेला जास्त जवळून कळतो.

आता हाच प्रश्न धरून आराखडा भरू.

सुरुवातीला शीर्षक. त्यात विषय, भाग आणि काळ कळला पाहिजे. ‘अमुक तालुक्यातल्या पाच गावांतील’ असं स्पष्ट लिहावं. ‘एक अभ्यास’ एवढ्यानं काही कळत नाही.

मग हा विषय का घेतला, ते एका पानात. इथे भाषण नको. कायदा कधी बदलला, ओव्यांत काय दिसतं, आणि दोन्हींमध्ये कोणती गोष्ट अजून कुणी विचारली नाही, एवढंच लिहायचं.

मग आधी झालेलं काम. यासाठी ‘शोधगंगा’ नावाचं संकेतस्थळ आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. लोकसाहित्यावरचे दहा-बारा प्रबंध उघडून त्यांची अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण वाचायचं. कुणी काय केलं, काय राहिलं, हे आपल्या शब्दांत लिहायचं. दुसऱ्याचं उतरवून काढायचं नाही. प्रबंध देताना उचलेगिरी तपासली जाते, आणि तसंही ते आपल्याला शोभत नाही.

मग उद्दिष्टं. तीन किंवा चार, जास्त नकोत. ‘समाजप्रबोधन करणे’ हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे मोजणार कसं? ‘पाच गावांतल्या भावाविषयीच्या ओव्या नोंदवणे’ हे होतं.

मग पद्धत. किती बायकांशी बोलणार, कोणत्या वयाच्या, कशा निवडणार, ओव्या कुठे आणि कशा नोंदवणार. इथे आमचा एक आग्रह आहे. जिच्याशी बोलायचं तिची आधी परवानगी घ्यायची. तिनं नाव लपवा म्हटलं तर लपवायचं. भावाशी बिनसलेलं नातं हा तिच्या घरचा मामला आहे, आपल्या प्रबंधापायी तिचं माहेर तुटता कामा नये. आणि काम झालं की तिला ते वाचून दाखवायचं. हे सगळं आराखड्यातच लिहावं.

शेवटी प्रकरणांची यादी, कोणत्या वर्षी काय करणार त्याचं वेळापत्रक, आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी. सगळं मिळून आठ-दहा पानं होतात. आपल्या विद्यापीठानं किती मागितलीत ते मात्र आधी बघून घ्या.

मार्गदर्शकाचंही सांगतो. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. म्हणून कुणाकडे जागा रिकामी आहे याची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघावी. ज्यांनी आपल्या विषयाजवळ काम केलंय, त्यांचं एखादं पुस्तक किंवा लेख वाचूनच भेटायला जावं. प्रवेश मिळाल्यावर काही महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, आणि दर सहा महिन्यांनी समितीपुढे काम मांडावं लागतं.

पैशाचं म्हणाल, तर नेटमधून जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. ती नाही मिळाली तरी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती अशा संस्था आपापल्या समाजगटांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून जातीचं, उत्पन्नाचं, रहिवासाचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलला पळापळ नको.

आता गटानं काय करायचं? तीन कामं आहेत. एक, गावातल्या एम.ए. झालेल्या लेकीसुनांची नावं लिहून काढा आणि त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा. दोन, परीक्षेची आणि प्रवासाची फी गटाच्या अंतर्गत कर्जातून देता येते का, ते ठरवा. शेळीसाठी कर्ज देतो, तसं यासाठीही देता येईल. तीन, तिच्या घरी चौघीजणी जाऊन बसा. सून एकटी सासऱ्यांपुढे बोलली तर वाद होतो. गट जाऊन बोलला तर निदान चहा तरी होतो आणि गोष्ट कानावर पडते.

आजवर आपल्या ओव्या, आपले उखाणे, आपली दुखणी दुसऱ्यांनी येऊन लिहून नेली. त्यातलं पुष्कळ काम मोलाचं आहे. पण हक्कसोडपत्रावर सही करताना हात का थांबला नाही, हे त्याच उंबऱ्याच्या आतल्या बाईनं विचारलं, तर उत्तर वेगळं येईल असं आम्हाला वाटतं. तो प्रश्न विचारायचा अधिकार तुमच्या घरातल्या त्या एम.ए.च्या गुणपत्रकात आहे. ते पेटीतून बाहेर काढा.

तुमच्या मनात काही प्रश्न असतील तर गटाच्या ताईंकडे लिहून द्या, पुढच्या वेळी आम्ही उत्तरं घेऊन येऊ. तोवर रामराम.